लुईस–श्मेलिंग फेरलढत, १९३८ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की आपल्याकडच्या गप्पा मोहम्मद अलीपासून सुरू होतात आणि माइक टायसनपाशी थांबतात. अलीच्या आधीच्या काळातली एक फेरलढत मात्र अशी आहे की तिच्याबद्दल थोडं जरी वाचलं तरी मनात प्रश्नांची रांग लागते. त्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. अमेरिकेचा कृष्णवर्णीय बॉक्सर जो लुईस आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग यांना फक्त एका रात्रीवरून ओळखणं हा दोघांवरही अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणून उत्तरं रिंगपाशी थांबत नाहीत.

ही लढत कधी आणि कुठे झाली?

२२ जून १९३८, यांकी स्टेडियम, न्यूयॉर्क. बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध रिंग उभारली होती आणि सत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक होते. तिकीटविक्री दहा लाख डॉलरच्या वर गेली. पंच होते आर्थर डोनोव्हन. पहिल्याच फेरीत, २ मिनिटं ४ सेकंदांनी लुईसने ती जिंकली. लुईस तेव्हा चोवीस वर्षांचा विश्वविजेता होता, श्मेलिंग बत्तिशीतला माजी विश्वविजेता.

फेरलढत म्हणजे आधी एक लढत झाली होती. तिच्यात काय झालं?

श्मेलिंग जिंकला होता, आणि तोही असा की त्यावर कोणाला बोट ठेवता येऊ नये.

१९ जून १९३६ रोजी, याच मैदानावर. लुईस तोवर व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये एकदाही हरला नव्हता. प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर या दोन माजी विश्वविजेत्यांना त्याने आदल्या वर्षीच लोळवलं होतं. श्मेलिंग तिशीत होता, त्याचं अजिंक्यपद जाऊन चार वर्षं झाली होती. सट्टेबाजांनी त्याला मोजलंच नव्हतं. लुईसनेही मोजलं नाही. न्यू जर्सीतल्या लेकवूडच्या सराव शिबिरात त्याला गोल्फचा नवा नाद लागला होता आणि सरावातला वेळ तिकडे जात होता. त्याचे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न त्यावरून वैतागलेले असत.

चौथ्या फेरीत श्मेलिंगचा उजवा ठोसा लागला आणि लुईस खाली गेला. व्यावसायिक कारकिर्दीत तो पहिल्यांदाच खाली जात होता. तो उठला, पण पुढच्या आठ फेऱ्या त्याने जवळजवळ धुक्यात काढल्या. बाराव्या फेरीत तो पुन्हा कोसळला आणि पंचांनी दहा आकडे मोजले.

श्मेलिंग म्हणाला होता की त्याला लुईसमध्ये ‘काहीतरी दिसलं’. ते काय होतं?

बॉक्सिंग शिकणाऱ्याने हे उत्तर दोनदा वाचावं.

श्मेलिंगने लुईसची पूर्वीची लढत समोर बसून पाहिली होती आणि चित्रफितीही पुन्हा पुन्हा बघितल्या होत्या. लुईसचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, त्या काळातला सर्वांत जड जॅब असेल. पण जॅब मारून हात परत आणताना तो हनुवटीपाशी न येता थोडा खाली घसरायचा. क्षणभर डावी बाजू उघडी पडायची. श्मेलिंगचं मुख्य हत्यार होतं सरळ उजवा ठोसा, आणि तो नेमका त्या उघड्या जागेतून जाणारा होता. त्यासाठी लुईसचे जॅब खावे लागणार होते. श्मेलिंगने ते खाल्ले. लढत संपली तेव्हा त्याचा एक डोळा सुजून बंद होत आला होता. पण प्रत्येक जॅबच्या पाठोपाठ त्याचा उजवा हात लुईसच्या डोक्यावर बसत राहिला.

पत्रकारांनी लढतीआधी त्याच्या बोलण्याची थट्टा केली होती. मला मात्र ही हेवीवेट बॉक्सिंगमधली अभ्यासाच्या जोरावर जिंकलेली सर्वांत सुंदर लढत वाटते. दुसऱ्या लढतीच्या झगमगाटात ती झाकली जाते, याचं वाईट वाटतं.

मग अजिंक्यपदाची संधी श्मेलिंगला मिळायला हवी होती. ती लुईसला कशी मिळाली?

रिंगबाहेरच्या हिशेबांमुळे. त्या वेळचा विश्वविजेता जेम्स ब्रॅडक याची श्मेलिंगशी लढत ठरली होती, ३ जून १९३७ ही तारीखही पक्की होती. पण नाझी राजवटीविरुद्ध अमेरिकेत बहिष्काराची हाक दिली गेली होती आणि श्मेलिंगची लढत तोट्यात जाण्याची भीती होती. अजिंक्यपद त्याच्याबरोबर जर्मनीला गेलं तर ते परत लढतीला येईल की नाही, हीही धास्ती होती. लुईसचे प्रवर्तक, म्हणजे लढती भरवणारे, माइक जेकब्स यांनी ब्रॅडकला आपल्या हेवीवेट लढतींच्या पुढच्या नफ्यातला दहावा हिस्सा देऊ केला. ब्रॅडक तिकडे वळला.

श्मेलिंग ठरल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये वजन द्यायला हजर झाला. समोर प्रतिस्पर्धीच नव्हता. लुईसला हरवूनही डावललं गेल्याचा त्याचा राग अगदी रास्त होता.

२२ जून १९३७ रोजी शिकागोत लुईसने ब्रॅडकला आठव्या फेरीत नॉकआउट केलं. त्यानंतर त्याने जे सांगितलं ते प्रसिद्ध आहे: श्मेलिंगला हरवेपर्यंत मला कोणी चॅम्पियन म्हणू नका. बरोबर एक वर्षाने ती संधी आली.

एका बॉक्सिंग लढतीला एवढा राजकीय रंग कसा चढला?

१९३६च्या विजयानंतर श्मेलिंग हिंडेनबर्ग या वायूच्या बळावर तरंगणाऱ्या हवाई जहाजातून मायदेशी परतला. हिटलरने त्याला पत्नी आणि आईसह जेवायला बोलावलं. लढतीचं चित्रण ‘जर्मन विजय’ म्हणून जर्मनीभर चित्रपटगृहांत दाखवलं गेलं. त्याची पत्नी, चेक अभिनेत्री अॅनी ओंद्रा, हिने लढतीच्या रात्रीचं रेडिओ प्रसारण नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या घरी बसून ऐकलं होतं. एका माणसाच्या उजव्या हाताचं यश वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून विकलं जात होतं.

१९३८च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. जूनमध्ये श्मेलिंग न्यूयॉर्कला आला तेव्हा निदर्शकांनी त्याचं ‘स्वागत’ केलं, आणि लढतीच्या रात्री रिंगकडे जाताना त्याच्यावर केळ्याच्या साली नि कागदाचे बोळे पडले. दुसरीकडे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लुईसचे दंड चाचपून जर्मनीला हरवायला असेच स्नायू लागतील असं म्हटल्याचं लुईसने पुढे सांगितलं आहे.

ज्या देशाच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसाला मत देणं मुश्कील होतं, बसमध्ये वेगळं बसावं लागत होतं, त्या देशाने त्या रात्री आपली लोकशाही एका कृष्णवर्णीय तरुणाच्या खांद्यावर ठेवली. अॅलाबामातल्या खंडकऱ्याच्या झोपडीत जन्मलेल्या आणि बारा वर्षांचा असताना कुटुंबासह डेट्रॉइटला आलेल्या लुईसला हा विरोधाभास कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या १२४ सेकंदांत नेमकं काय घडलं?

लुईस ड्रेसिंग रूममध्येच बराच वेळ हवेत ठोसे मारून घाम काढून आला होता. एरवी तो सावकाश सुरुवात करायचा. या वेळी तो पहिल्या सेकंदापासून पूर्ण तापलेला होता.

डावपेच साधा होता. श्मेलिंग वाट पाहून उत्तर देणारा बॉक्सर होता. त्याला अंतर लागायचं, वेळ लागायचा. त्याला दोन्ही मिळू द्यायचं नाही. लुईस जॅब मारून मागे सरलाच नाही. जॅबच्या पाठोपाठ हूक (बाजूने वळून येणारा ठोसा), हूकच्या पाठोपाठ उजवा, आणि प्रत्येक ठोशागणिक एक पाऊल आत. श्मेलिंगचे सबंध लढतीत एक-दोनच ठोसे बाहेर पडले.

मिनिटभरानंतर तो दोरांवर ढकलला गेला. उजवा हात वरच्या दोरात अडकवून तो कसाबसा उभा होता. तेवढ्यात लुईसने बरगडीखाली उजवा ठोसा मारला. श्मेलिंग त्याच क्षणी अंग चोरत वळला आणि तो ठोसा पाठीच्या बाजूला बसला. त्याच्या तोंडून निघालेली किंकाळी पुढच्या रांगांतल्या लोकांनी ऐकली. पुढे इस्पितळात एक्स-रे काढला तेव्हा कण्याच्या मणक्याच्या बाजूचं हाड मोडल्याचं दिसलं.

त्यानंतर तो तीनदा खाली गेला. तिसऱ्या वेळी त्याचे प्रशिक्षक मॅक्स माखोन यांनी हार मानल्याची खूण म्हणून रिंगमध्ये टॉवेल फेकला. न्यूयॉर्कच्या नियमांत टॉवेलला अर्थ नव्हता. डोनोव्हन यांनी तो उचलून दोरांकडे भिरकावला, खाली पडलेल्या श्मेलिंगकडे एकदा पाहिलं आणि लढत थांबवली.

तो ठोसा नियमबाह्य होता का?

श्मेलिंगच्या गोटाने सुरुवातीला तशी तक्रार केली. चित्रण बघितलं तर लुईसचा रोख बरगडीवर आहे आणि वळतो तो श्मेलिंग. निकाल कायम राहिला. श्मेलिंगनेही पुढच्या आयुष्यात या पराभवाला कधी सबब जोडली नाही.

श्मेलिंग नाझी होता का?

नाही. तो नाझी पक्षाचा सदस्य कधीच झाला नाही. पण एवढ्यावर उत्तर संपवणं प्रामाणिक होणार नाही.

तो हिटलरला भेटत होता, त्याच्याबरोबर त्याची छायाचित्रं छापून येत होती, आणि त्याची प्रसिद्धी राजवटीच्या कामी येत होती. बर्लिन ऑलिंपिकच्या आधी सगळं ठीक होईल अशी ग्वाही त्याने अमेरिकेतल्या क्रीडाधुरिणांना दिली. तो भोळेपणा होता, असं त्याने पुढे स्वतःच मान्य केलं. जर्मनी सोडून जाण्याचा मार्ग त्याच्यासारख्या माणसाला मोकळा होता. तो गेला नाही.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. त्याचे अमेरिकेतले व्यवस्थापक जो जेकब्स (लुईसचे प्रवर्तक माइक जेकब्स ते वेगळे) हे ज्यू होते. त्यांना काढून टाक, असा दबाव वरून आला. श्मेलिंगने मान तुकवली नाही; जेकब्स अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिले.

नोव्हेंबर १९३८मध्ये, फेरलढतीनंतर पाचच महिन्यांनी, जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली गेली. त्या दिवसांत श्मेलिंगने डेव्हिड लेविन या ज्यू मित्राच्या हेन्री आणि वेर्नर या दोन किशोरवयीन मुलांना बर्लिनच्या एक्सेल्सिऑर हॉटेलातल्या आपल्या खोलीत लपवलं. मी आजारी आहे, कोणाला वर पाठवू नका, असं त्याने खाली सांगून ठेवलं. नंतर त्यांना देशाबाहेर पडायला मदत केली. पकडला गेला असता तर माजी विश्वविजेता म्हणून सूट मिळाली नसती. ही हकिकत त्याने स्वतः कोणाला सांगितली नाही. १९८९मध्ये हेन्री लेविन यांनी लास व्हेगासच्या एका समारंभात ती सर्वांसमोर सांगितली, तेव्हा श्मेलिंग अवघडून गेला होता.

मला तो नायकही वाटत नाही आणि खलनायक तर नाहीच. तडजोडी करणारा, पण माणूस समोर उभा राहिला की त्याला दार उघडणारा, असा तो होता. ते दार उघडण्याचं मोल मी फार मोठं मानतो.

कृष्णवर्णीय अमेरिकेसाठी लुईसचं एवढं महत्त्व का?

पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता जॅक जॉन्सन १९०८मध्ये झाला. तो बेधडक जगला, गोऱ्या स्त्रियांशी लग्नं केली, प्रतिस्पर्ध्यांना हसला, आणि त्याबद्दल त्याच्यावर खटले भरले गेले. १९१५मध्ये त्याचं अजिंक्यपद गेल्यावर बावीस वर्षं कोणत्याही कृष्णवर्णीय हेवीवेटला अजिंक्यपदाच्या लढतीत उभंच राहू दिलं नाही.

म्हणून लुईसचे व्यवस्थापक जॉन रॉक्सबरो आणि ज्युलियन ब्लॅक यांनी त्याला नियमच घालून दिले: गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र नको, हरलेल्यासमोर आनंद दाखवायचा नाही, चेहरा कोरा ठेवायचा. वृत्तपत्रांनी त्या कोऱ्या चेहऱ्यालाच त्याचा स्वभाव ठरवलं. तो केवढा ताण होता याचा विचार करावा! जगातला सर्वांत बलवान माणूस, आणि जिंकल्यावर त्याला हसायची परवानगी नाही.

फेरलढतीच्या रात्री न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत लोक रस्त्यावर उतरले आणि पहाटेपर्यंत नाचले. डेट्रॉइटमध्ये, शिकागोत, दक्षिणेतल्या एकेका रेडिओभोवती जमलेल्या घोळक्यांत तेच. लुईसला जे करता येत नव्हतं ते त्याच्या वतीने हजारो लोकांनी केलं.

महायुद्धात दोघांनी काय केलं?

श्मेलिंगला जर्मन सैन्यात छत्रीधारी सैनिक म्हणून भरती केलं गेलं. मे १९४१मध्ये क्रीट बेटावर उतरताना तो जखमी झाला. तो मेल्याच्या बातम्याही काही ठिकाणी छापून आल्या.

लुईस जानेवारी १९४२मध्ये सैन्यात गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी बडी बेअरला हरवून मिळालेलं मानधन त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिलं, आणि मार्चमध्ये एब सायमनविरुद्धच्या लढतीचं लष्कराच्या निधीला. सैनिकांसमोर त्याने शंभराच्या घरात प्रदर्शनी लढती केल्या. कॅन्ससच्या फोर्ट रायली तळावर जॅकी रॉबिन्सनसह काही कृष्णवर्णीय जवानांना अधिकारी-प्रशिक्षणाला प्रवेश नाकारला जात होता, तेव्हा लुईसने आपल्या ओळखी वापरून तो मिळवून दिला. रॉबिन्सन पुढे मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा खेळाडू झाला. लुईसच्या या कामाचा उल्लेख फारच कमी होतो.

लुईस कंगाल झाला हे खरं आहे का? कसा?

खरं आहे, आणि या सगळ्या कहाणीतला सर्वांत चीड आणणारा भाग हाच आहे.

तो उधळा होता, हे मान्य. नातेवाईक, मित्र, गोल्फवरच्या पैजा, बुडालेले धंदे. कमाईचा मोठा वाटा व्यवस्थापक आणि प्रवर्तक घेत. मंदीच्या काळात आपल्या कुटुंबाला मिळालेली सरकारी मदत त्याने पहिले पैसे हातात आल्यावर डेट्रॉइटला परत केली होती, असा तो माणूस. पण कर भरण्याचा हिशेब कोणीतरी नीट ठेवायला हवा होता, तो कोणी ठेवला नाही. युद्धनिधीला दिलेलं मानधनही करखात्याने त्याचं उत्पन्न धरलं. त्या काळातले कराचे दर वरच्या उत्पन्नाला प्रचंड होते. पाच लाखांहून अधिक डॉलरची थकबाकी व्याजासकट दहा लाखांच्या पुढे गेली.

ती फेडायला तो निवृत्तीतून परत आला. १९५०मध्ये एझर्ड चार्ल्सकडून हरला. २६ ऑक्टोबर १९५१ रोजी रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. लुईस हा मार्सियानोचा लहानपणापासूनचा आदर्श होता. नंतर लुईस दिखाऊ कुस्त्यांमध्ये उतरला. शेवटची वर्षं त्याने लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेस या कॅसिनो-हॉटेलमध्ये पाहुण्यांचं स्वागत करण्याच्या नोकरीत काढली. साठच्या दशकात करखात्याने फक्त चालू उत्पन्नावर वसुली करायचं मान्य केलं. जुनं कर्ज त्याच्या हयातीत फिटलं नाही.

दोघे खरोखर मित्र झाले का?

हो. १९५४मध्ये श्मेलिंग अमेरिकेला गेला तेव्हा तो शिकागोत लुईसच्या दारात जाऊन उभा राहिला. रिंगमध्ये त्यांच्यात वैर कधी नव्हतंच. ते बाहेरच्यांनी लावलेलं होतं. पुढे भेटी होत राहिल्या.

श्मेलिंगचं नशीब तोवर फिरलं होतं. युद्धाने त्याचंही सगळं गेलं होतं. चाळिशी उलटल्यावर तो पैशासाठी पुन्हा पाच लढती लढला. पण नंतर जर्मनीत कोका-कोलाच्या बाटलीभरणीचा आणि वितरणाचा परवाना मिळाला आणि तो श्रीमंत झाला. लुईसला तो आर्थिक मदत करत राहिला. १२ एप्रिल १९८१ रोजी लुईस गेला तेव्हा अंत्यविधीच्या खर्चाचा काही भाग श्मेलिंगने उचलला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी नियमाला अपवाद करून लुईसला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा दिली.

श्मेलिंग २ फेब्रुवारी २००५ रोजी गेला. वय ९९. सत्तरच्या दशकात त्याने म्हटलं होतं की ती लढत हरलो याचा आता जवळजवळ आनंदच वाटतो. जिंकलो असतो तर नाझींनी मला पदक दिलं असतं आणि युद्धानंतर कदाचित युद्धगुन्हेगार ठरलो असतो.

लुईसचे विक्रम थोडक्यात?

१९३७ ते १९४९ अशी पावणेबारा वर्षं अखंड अजिंक्यपद. पंचवीस वेळा ते यशस्वीपणे राखलं. हेवीवेट गटात हा विक्रम अजून मोडलेला नाही. एकूण ६६ विजय, त्यांतले ५२ नॉकआउट, आणि फक्त ३ पराभव.

श्मेलिंगला बॉक्सर म्हणून किती मोठं मानावं?

आज मानतात त्यापेक्षा बरंच मोठं. १९३०मध्ये जॅक शार्कीच्या कमरेखालच्या नियमबाह्य ठोशामुळे, खाली पडलेल्या अवस्थेत, त्याला विश्वविजेता ठरवलं गेलं, आणि तो डाग त्याला चिकटला. १९३२मध्ये शार्कीनेच ते पद गुणांवर त्याच्याकडून हिसकावून घेतलं. तो निकाल अनेकांना चुकीचा वाटला होता. पण ऐन भरातल्या लुईसला नॉकआउट करणारा माणूस एकच आहे; मार्सियानोसमोर उभा राहिलेला लुईस सदतीस वर्षांचा होता.

लुईस मोठा की अली?

या वादात मी पडत नाही. लुईसचे ठोसे जवळून, जेमतेम वीतभर अंतर कापून यायचे. अली अंतरावर जगायचा. एवढं मात्र सांगतो, अलीला मोठ्याने बोलता आलं त्यामागे लुईसचं गप्प राहणंही आहे.

लढतीचं चित्रण आज पाहायला मिळतं का? कुठून सुरुवात करावी?

दोन्ही लढतींची चित्रणं इंटरनेटवर सहज सापडतात. क्लेम मॅकार्थी यांचं १९३८चं रेडिओ समालोचनही उपलब्ध आहे; अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००५मध्ये ते राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतलं.

आधी १९३६ची चौथी फेरी बघा, फक्त लुईसच्या डाव्या हाताकडे लक्ष ठेवून. जॅबनंतर तो कुठे जातो ते नीट दिसलं की मगच १९३८ची फेरी लावा, आणि पहिल्यांदा आवाज बंद ठेवून तोच हात शोधा. मॅकार्थींचं समालोचन त्यानंतर ऐकलं तर ते कशाचं वर्णन करताहेत ते कळेल. घाईत त्यांनाही सगळे ठोसे पकडता आलेले नाहीत.